आमची वाटचाल : ब्रेक दाबला की बंद

गॅरेज उघडलं तेव्हा आमच्याकडे रिंग पान्यांचा एक सेट, फीलर गेज, टायमिंग लाइट आणि मिस्त्रींनी काम सोडताना माझ्या हातात ठेवलेला, इंजिनाची हवा ओढायची ताकद मोजणारा व्हॅक्यूम गेज, एवढंच होतं. मी आणि माझा भागीदार, दोघंही त्याच मिस्त्रींच्या हाताखाली घडलो. कार्बोरेटरमध्ये, म्हणजे जुन्या गाड्यांत पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागात, तो माझ्यापेक्षा सरस, हे मी आजही कबूल करतो. गाडी थांबताना बंद पडते म्हटलं की तो चावी फिरवून नुसता कान द्यायचा. सोलेनॉइडचा, म्हणजे चावीवर पेट्रोलची वाट उघडणाऱ्या विजेच्या खटक्याचा, ‘टक’ आला नाही तर वायर बघायची, आला तर स्लो जेट (उभ्या गाडीचं पेट्रोल जातं ते बारीक छिद्र) काढून हवा मारायची. बहुतेक गाड्या तेवढ्यावर उभ्या राहायच्या.

इंजेक्शनच्या, म्हणजे कंप्युटर पेट्रोल सोडतो त्या गाड्या यायला लागल्यावर स्कॅनर घेतला. त्या कंप्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड तो वाचतो. तो घ्यायलाच हवा होता. पण स्कॅनर आला आणि भागीदाराचा कान गेला. कोड दिसला तर दोष, नाही तर गाडी ठणठणीत.

अशात सिस्टरांची गाडी आली. सिस्टर म्हणजे हॉस्पिटलात नोकरी करणाऱ्या, आमच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. त्यांनी सांगितलं, “गरम झाल्यावर ब्रेक दाबून थांबवायला गेले की बंद पडते.” भागीदाराने जॉब कार्डवर लिहिलं, ‘आयडलिंग प्रॉब्लेम’. आयडल म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग. दोन शब्द. आमचं गॅरेज ह्या दोन शब्दांनी बुडत होतं.

कार्ड वाचून पोरांनी थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा जायची वाट, धुतली. गाडी आठवड्यात परत. आयडल व्हॉल्व्ह बदलला. परत. प्लग बदलले. परत. स्कॅनरवर एकही कोड नाही आणि आमच्या शेडमध्ये बॉनेट उघडून उभी केली की आयडल मिनिटाला ८०० फेऱ्यांवर दगडासारखा. ट्रायल म्हणजे थंड गाडी कोपऱ्यापर्यंत नेऊन आणायची. थंड इंजिनाचा आयडल मुळातच ११००-१२०० असतो, त्यात असले दोष झाकून जातात. एवढं आम्हाला कळत होतं, पण तेव्हा कुणी थांबून विचार केला नाही.

त्याच महिन्यात भागीदार बाहेर पडला. स्कॅनर घेऊन गेला, व्हॅक्यूम गेज ‘भंगार’ म्हणून ठेवून गेला. रस्त्यापलीकडे शटर उघडलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागला, “त्यांना साधं आयडलिंग जमत नाही.” कार्ड कुणी लिहिलं होतं ते नाही सांगितलं. एका ऑफिसच्या सगळ्या गाड्या आमच्याकडे यायच्या, त्या एका दमात पलीकडे गेल्या. मी गाडी उचलायची टू-पोस्ट लिफ्ट विकली, त्यातून पोरांचे पगार भागवले आणि स्वतः पुन्हा गाडीखालच्या खड्ड्यात उतरलो.

सिस्टर मात्र पलीकडे गेल्या नाहीत. चौथ्यांदा आल्या तेव्हा चावी द्यायच्या आधी म्हणाल्या, “आमच्याकडे पेशंट काय बोलतो ते आधी लिहितात, मग तपासतात. तुम्ही मी ब्रेक म्हणते तिथे बॉनेट उघडता.”

मग त्यांना शेजारी बसवून गाडी पुरती गरम होईपर्यंत फिरवली. मॅनिफोल्डला, म्हणजे थ्रॉटलपासून इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना, गेज जोडला, लांब नळी खिडकीतून आत घेतली. उभ्या गाडीत सुई पाऱ्याच्या १८-१९ इंचांवर स्थिर. ब्रेकवर पाय ठेवला आणि सुई ११ वर आली, इंजिन थरथरलं, बंद पडलं. पेडलजवळ वाकलो तर बारीक फुसफुस. पुन्हा चालू करून हेल्परला बूस्टरचा, म्हणजे मॅनिफोल्डच्या ओढीवर ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याचा, होज पकडीने दाबून धरायला सांगितलं. आता ब्रेक कितीही दाबा, सुई जागची हलेना. बूस्टरचा डायफ्राम, आतला रबरी पडदा, फाटला होता. पेडल दाबलं की न मोजलेली हवा थेट मॅनिफोल्डमध्ये. एमएएफवाली, म्हणजे आत येणारी हवा सेन्सरने मोजणारी गाडी, सेन्सरला ती हवा दिसतच नाही, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं आणि इंजिन मरतं. पाय उचलला की सगळं पूर्ववत. एवढ्या दोन-चार सेकंदांत कोड कुठून पडणार?

(होज दाबून गाडी चालवू नका. पेडल दगड होतं. ही तपासणी उभ्या गाडीतच करायची.)

बूस्टर बदलला. गाडी नंतर त्या तक्रारीसाठी कधीच आली नाही. गॅरेजची पुढची अकरा वर्षं नीट चालली, त्यात सांगण्यासारखं विशेष नाही. लिफ्ट पुन्हा घेतली, स्कॅनरही घेतला.

नवीन पोरं विचारत नाहीत, तरी सांगतो. गाडी थांबताना बंद पडली की आधी विचारा, कधी? ऑटोमॅटिक गाडी गिअरमध्ये मरते आणि न्यूट्रलला टाकल्यावर जगते, तर टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या भागाचं) लॉक-अप, म्हणजे थेट पकड, सुटतंय का बघा. पेट्रोल भरल्यावरच त्रास होतो, तर पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) उघडा अडकलाय का ते बघा. गरम झाल्यावर कधीही, चालता चालताही बंद पडते, तर इंजिनाच्या फेऱ्या मोजणारा क्रँक सेन्सर. थ्रॉटल बॉडी धुतलीत तर बटरफ्लाय (आतली गोल झडप) जबरदस्तीने ढकलू नका आणि आयडल रीलर्न केल्याशिवाय, म्हणजे कंप्युटरला आयडल नव्याने शिकवल्याशिवाय, गाडी देऊ नका, नाहीतर धुतल्यामुळेच बंद पडायला लागते आणि तुम्ही व्हॉल्व्ह शोधत बसता.

आमच्याकडे कार्डवर आता गिऱ्हाइकाचं वाक्य जसंच्या तसं उतरतं. शिव्या वगळून.

गेल्या महिन्यात एक गाडी आली, मालक नवखे. डॅशबोर्डवर पलीकडच्या गॅरेजचं कार्ड राहिलेलं. अक्षर ओळखीचं, शब्दही तेच दोन. मालकांना विचारलं, कधी बंद पडते? म्हणाले, पंपावरून निघालो की पहिल्याच सिग्नलला. पर्ज व्हॉल्व्ह काढून फुंकलं, हवा आरपार गेली. तो बदलला, गाडी दिली. कार्ड मात्र ठेवून घेतलं.