23 तासांचा रविवार

हॅम्बुर्गला आल्यापासून मी दर रविवारी सकाळी दहाला आईला फोन करते. हिवाळ्यात तेव्हा पुण्यात अडीच वाजलेले असतात, तिची भांडीही आवरून झालेली असतात. मार्चचा शेवटचा रविवार मात्र दर वर्षी फसतो. उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करतात, म्हणून त्या पहाटे इथे दोनचे एकदम तीन होतात आणि माझा दहाचा फोन तिला दीडलाच पोचतो. "अगं, अजून ताटावरच आहोत. थोड्या वेळाने कर." मोबाइल आपला आपण पुढे सरकतो, ओव्हनचं घड्याळ हाताने लावावं लागतं, आणि ते मी साधारण मेमध्ये लावते.

सुट्टीच्या दिवशी मी एका ओपन सोर्स कॅलेंडर लायब्ररीचं, म्हणजे कोणालाही वापरता-बदलता येणाऱ्या तारीख-वेळेच्या तयार कोडचं, थोडं काम बघते. पगार नाही, साहेब नाही. चार-पाच देशांतली माणसं जमेल तसा हात लावतात. कोणी कोणाला पाहिलेलं नाही, त्यामुळे सगळी भिस्त टेस्टवर, म्हणजे कोड बरोबर चालतोय ना हे तपासणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर. बदल पाठवला की सर्व्हरवर सगळ्या टेस्ट आपोआप चालतात. हिरवी खूण आली तरच पुढची चर्चा.

त्यातली एक टेस्ट लहरी होती. वर्षभर गुणी, मध्येच एखाद्या शनिवारी पडायची. मग कोणीतरी 'पुन्हा चालवा' दाबायचं, ती पुन्हा पडायची, आणि सोमवारी बघावं तर हिरवीगार. रिमोट चालेना की आपण सेल काढून, फिरवून परत घालतो, तसाच हा प्रकार. मोठ्यांचीही यातून सुटका नाही म्हणा: गूगलने 2016 मध्ये लिहिलं होतं की त्यांच्या जवळजवळ 16 टक्के टेस्टमध्ये थोडाफार असा लहरीपणा आहे.

अशाच एका शनिवारी नाशिकच्या एका विद्यार्थ्याचा पहिला बदल आला. माहितीच्या फाइलमधली स्पेलिंगची एक चूक, बस. त्यावर लाल फुली. "सॉरी मॅम, माझ्याकडून काय बिघडलं ते सापडत नाहीये," असं त्याने तीनदा लिहिलं. बिचारा दुपारपासून शोधत होता. त्याच्याकडून काहीच बिघडलं नव्हतं. मला मात्र लाज वाटली, कारण त्या फुलीला आम्ही सगळे सरावलो होतो, तो नव्हता.

मग ती टेस्ट उघडून बसले. 'आत्ता किती वाजले' हे ती खऱ्या घड्याळाला विचारायची, वेळ बर्लिनची धरायची आणि 'उद्या याच वेळी' बरोबर निघतंय का ते तपासायची. आमचा कोड 'उद्या' काढायला सरळ 24 तास मिळवत होता. पण मार्चमधला तो रविवार 23 तासांचा! म्हणजे शनिवारी पहाटे दोनपासून पुढचे 24 तास टेस्ट पडणारच. ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळ तासभर मागे येतं, त्या 25 तासांच्या रविवारच्या आदल्या दिवशीही तेच. टेस्ट खरं बोलत होती. शनिवारी सकाळी आठला कोणी 'उद्या याच वेळी आठवण कर' म्हटलं असतं, तर आमच्या लायब्ररीने त्याला नऊला उठवलं असतं, आणि आम्ही दोन वर्षं बटण दाबत होतो.

एकाचं म्हणणं होतं, पडलेली टेस्ट आपोआप तीनदा चालू दे. बाहेरच्या सर्व्हरशी बोलणाऱ्या टेस्टला ते एक वेळ ठीक, नेटवर्क कधीमधी रुसतं. पण इथे? मी अडून बसले. शेवटी कोडमध्ये तासांऐवजी तारीख एक दिवसाने पुढे नेली, आणि टेस्टला घड्याळाकडे बघायची बंदी केली. आता आम्हीच तिच्या हातात वेळ देतो: 29 मार्च 2025 आणि 25 ऑक्टोबर 2025, सकाळी आठ. ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या सहकाऱ्याने मंजुरी देताना लिहिलं, "आम्ही 2019 मध्येच ही घड्याळाची भानगड बंद केली."

हात लागलाच होता म्हणून टेस्टचा क्रमही दर वेळी पिसायला लावला. लगेच आणखी दोन पडल्या. एक टेस्ट मागे तात्पुरती फाइल सोडून जायची आणि दुसरी गुपचूप तिच्यावर जगायची. भाडेकरू निघून गेला तरी त्याचा गॅस वापरत राहावं तसं. त्यात माझा पुढचा अख्खा महिना गेला.

ऑक्टोबरच्या त्या शनिवारी मी मुद्दाम पान उघडून बसले. दिवसभरात दोन बदल आले, दोन्ही हिरवे, त्यातला एक नाशिकचा. दुसऱ्या दिवशी दहाला फोन लावला. इथलं घड्याळ रात्रीच मागे आलं होतं, आणि आई दीड वाजल्यापासून फोन हातात घेऊन बसली होती.