वायर वळायला जागा

शनिवार, रात्री साडेदहा

आज दादाची नवी गाडी नाशिकच्या भांडी बाजाराच्या तोंडाशी अडकली आणि पुढच्या सीटवर बसलेल्या आईने रामरक्षा म्हणायला घेतली. घाबरण्यासारखं खरं तर काही नव्हतं. पुढे हातगाडी, मागे रिक्षा, डाव्या अंगाला दुकानदाराने पायरीवर उतरंडीने मांडलेल्या कळशा. पण दादाच्या मानेवरचा घाम पाहून हे आता माणसाच्या हातातलं राहिलेलं नाही असं तिला वाटलं असावं. तिच्या मांडीवर पितळी मिसळणाचा डबा होता. त्यातली जिऱ्याची वाटी हरवलीय, आणि त्या मापाची वाटी मिळाली तर भांडी बाजारातच मिळेल, यावर ती ठाम आहे.

दादा काल रात्री पुण्याहून आला तो गाडी दाखवायलाच. साडेचार मीटरहून लांब, आरसे सोडून एक मीटर ऐंशीहून रुंद. आत बसलं की रस्ता कुठेतरी खाली राहतो. वहिनी म्हणाली, "रस्त्यावर वजन पडतं बघ हिचं." पडतंच. फक्त पंचवटीत आमच्या वाड्यापर्यंत ती येऊ शकली नाही. मालेगाव स्टँडपाशी लावून दोघं बॅगा घेऊन चालत आले. आज होळकर पूल ओलांडून रविवार कारंजाला आलो तेव्हा मी म्हटलं होतं, इथेच लाव, पुढे पायी जाऊ. पण स्टिअरिंगवर बसलेल्या मोठ्या भावाला धाकट्या बहिणीने रस्ता सांगायचा नसतो.

शेवटी एका हमालाने ताबा घेतला. "ओ शेठ, आधी आरसे मिटवा. आता सोडा, सोडा, सोडा... बास!" गाडी उलटी उलटी कारंजापर्यंत बाहेर आली तोवर दादाने सगळ्यांशी बोलणं सोडलं होतं.

घरी येऊन, पुन्हा बाजारात जायला, मी अण्णांची, म्हणजे वडिलांची, मारुती एट हंड्रेड काढली. 1997 ची, पांढरी, आता दुधापेक्षा सायीच्या रंगाकडे झुकलेली. वाड्याच्या दारातून ती दोन्ही बाजूंना वीत-वीत सोडून आत येते आणि पूर्वी बंबाची लाकडं रचायचो तिथे उभी राहते. दादा शेजारी बसला, तोंड फुगवूनच. पुलाच्या अलीकडे रस्ता खणलेला, कुंभाची तयारी चाललीय, म्हणून एका दमात वळवून दुसऱ्या बाजूने काढली. तेव्हा कुठे तो बोलला, "अगं, ही अजून अशी वळते?"

वळणारच. वळण्याची त्रिज्या 4.4 मीटर. लांबी 3,335 मिलिमीटर, रुंदी 1,440, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं, आणि ते बॉनेटखाली आडवं बसवलेलं. हे आकडे मला पाठ आहेत, कारण अण्णांना होते. गाडी घेतली त्या आठवड्यात ते पाहुण्यांना चहाच्या आधी आकडेच सांगायचे.

इंजिन आडवं, हीच तर सगळी युक्ती. 1956 मध्ये सुवेझ कालव्याचा पेच झाला, इंग्लंडात पेट्रोलची टंचाई आली, आणि अलेक इसिगोनिस नावाच्या माणसाला सांगण्यात आलं की छोटी गाडी कर, पण खरीखुरी गाडी कर. 1959 मध्ये त्याची मिनी आली. लांबी जेमतेम 3.05 मीटर. त्याने इंजिन आडवं ठेवलं, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली सारला, दोघांना तेल एकच दिलं, ताकद पुढच्या चाकांना जोडली आणि चाकं केली दहा इंची, म्हणजे चाकांसाठी आत येणारी कुबडं लहान झाली. फरशीची सुमारे 80 टक्के जागा माणसांना आणि सामानाला उरली. माणसांच्या वाट्याचं काही काढून न घेता त्याने यंत्राला अंग चोरायला लावलं. आजच्या बहुतेक छोट्या गाड्या आडव्या इंजिनाच्याच, अण्णांची गाडीही त्याच वाटेने आलेली. फक्त वाटेत जपान लागलं. तिथल्या केई नावाच्या छोट्या गाड्यांच्या वर्गातली सुझुकी आल्टो हे तिचं माहेर.

मिसळणाची वाटी मिळाली. दुकानदाराने डोळ्याने माप घेतलं, आतून एक आणली, "मावशी, हीच." आईने डब्यात ठेवून पाहिली नाही. गर्दी होती आणि दादा बाहेर हॉर्न वाजवत होता, एट हंड्रेडचा, जिचा हॉर्न सायकलवाल्यालाही हलवत नाही.

रविवार, दुपार

दोघं सकाळी गेली. जाताना दादाने विषय काढलाच. एट हंड्रेडची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, पुढची मुदत 2027 मध्ये. वीस वर्षांपुढच्या मोटारीला आता त्याची फी दहा हजार झालीय. "एवढ्यात तिची किंमत तरी येईल का? देऊन टाक. आई, तूच सांग हिला." आई म्हणाली, "मला काय विचारतोस, मला चढता-उतरता येतं एवढंच मला कळतं." नंतर मला आठवलं की काल नव्या गाडीत चढायला तिला खाली स्टूल ठेवावं लागलं होतं.

अण्णा नाशिक रोडला सिक्युरिटी प्रेसमध्ये होते. घर पंचवटीत, नोकरी तिकडे, रोजचा येण्या-जाण्याचा मिळून वीसेक किलोमीटरचा फेरा, बरीच वर्षं लूनावर. पन्नास सीसीची लूना. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी येता येतं, याचं त्यांना भारी समाधान होतं. पायडल मारत आलेले मी त्यांना दोनदा पाहिलंय आणि दोन्ही वेळा चेहऱ्यावर समाधान नव्हतं.

प्रेसमधलं ते घरी काही बोलत नसत. पण टपालतिकिटं तर पोस्टात कोणालाही मिळतात, तेवढी आणायचे आणि रविवारी दुपारी भिंग माझ्या हातात द्यायचे. दोन नखांएवढी जागा. तिच्यात चित्र, किंमत, दोन लिप्यांत देशाचं नाव, खाली मुंगीच्या पायाएवढं साल, आणि तरी आभाळाला रिकामी जागा ठेवलेली. "आता सांग, यातलं काय काढशील?" असं विचारायचे. मी कधी आभाळ म्हणायचे, ते मान हलवायचे. दहा-बारा वर्षांच्या पोरीला त्यात काय कळणार! कंटाळा यायचा, खरं सांगायचं तर. भिंगाने कागद जाळता येतो का, याकडे माझं लक्ष.

सोमवार, रात्र

आज कामावर तेच तिकीट पुन्हा भेटलं म्हणायचं.

अंबडला आम्ही इलेक्ट्रिकल पॅनेल बनवतो. मी ड्रॉइंगला. एका गिऱ्हाइकाला कंट्रोल पॅनेल हवंय, आणि त्याने ठेवलेल्या कोपऱ्यात ते मावत नाही. "मॅडम, दीडशे मिलिमीटर कमी करा ना रुंदी. तुमचे पार्ट तर किती छोटे छोटे असतात." असतात. आमच्या धंद्यात वस्तू किती लहान झाल्यात ते बघत राहावं. एका पोलची एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारं बटण, साधारण 18 मिलिमीटर रुंद, 35 मिलिमीटरच्या पट्टीवर टिचकीसरशी बसते. जुन्या वाड्यात चिनीमातीचे फ्यूज असायचे, लाकडी पाटावर, तारेचा तुकडा घालायचे ते. तसा एक फ्यूज जेवढी जागा खायचा तेवढ्यात आज तीन बसतात, आणि तार बदलायला मेणबत्ती घेऊन कोणाला उभं राहावं लागत नाही.

पण गिऱ्हाइकाला वाटतं की पार्ट मावले म्हणजे पॅनेल झालं. एमसीबी एकीला एक खेटून भरल्या की एकमेकींना तापवतात, मग त्यांच्यावर लिहिलेला अँपिअर तेवढा धरता येत नाही, उतरवून धरावा लागतो. बंद डब्यातली ऊब बाहेर कुठून जाणार? आणि दुसरं म्हणजे वायर. जाड केबल काटकोनात मोडत नाही, तिला वळसा लागतो. ड्रॉइंगमध्ये तो वळसा दिसतच नाही, पांढरा कागद दिसतो. नवीन लागलेली पोरं त्या पांढऱ्यावर आणखी एक कॉन्टॅक्टर (विजेने चालणारा मोठा स्विच) बसवतात आणि मग आमचा वायरमन, तीस वर्षांचा अनुभव, काही न बोलता पॅनेल उघडं ठेवून चहा प्यायला निघून जातो. त्याचा निषेध असाच असतो. एकदाच म्हणाला होता, "ताई, वायर वळायला जागा द्या, बाकी मी बघतो."

आपल्याकडे आटोपशीर हा फार चांगला शब्द आहे. छोटं म्हणजे आटोपशीर नव्हे. आटोपणं म्हणजे उरकणं, आवाक्यात आणणं. दोन खोल्यांचं घर आटोपशीर असू शकतं आणि तेवढंच घर कोंदटही. कॉलेजात असताना सीबीएस बसस्टँडवरून शेअर रिक्षा पकडायचे, मागे चार जण आणि पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक, ड्रायव्हर स्वतः अर्ध्या ढुंगणावर. रिक्षा बिचारी मुळात किती नेटकी, बोळात जाते, जागच्या जागी वळते. तिला कोंबलेली आपण केली. रेल्वेनेही मध्यंतरी स्लीपरच्या बाजूच्या दोन बर्थच्या मध्ये तिसरी घालून पाहिली होती. झोपलेल्या माणसाला कुशीवर वळता येईना. लोक इतके बोंबलले की काढावी लागली.

गाड्यांचंही तेच. 2006 च्या अर्थसंकल्पात छोट्या मोटारींवरचं अबकारी शुल्क 24 टक्क्यांवरून 16 वर आलं. छोटी म्हणजे चार मीटरच्या आत, पेट्रोल असेल तर 1,200 सीसीपर्यंत, डिझेल असेल तर 1,500. मग सगळ्यांच्या हातात एकदम फूटपट्टी आली. आपल्या सातपूरला महिंद्राच्या कारखान्यात लोगान बनायची, पुढे तिचं नाव व्हेरिटो झालं. ऐसपैस गाडी, लांबी सव्वाचार मीटरच्या घरात. 2013 मध्ये तिची शेपटी छाटून व्हाइब काढली, 3,991 मिलिमीटर! डिकी आखडली आणि पाठीमागून गाडी अशी दिसू लागली की कोणीतरी तिला वाक्याच्या मध्येच थांबवलंय. बोलेरोचं मात्र जमलं. 2016 मध्ये 1.5 लिटरचं इंजिन घालून, बंपर बदलून ती 3,995 वर आणली. आमच्या शेजारच्या द्राक्षवाल्या काकांनी जुनी देऊन नवी घेतली, त्यांना अजूनही माहीत नाही की गाडी अकरा सेंटिमीटरने आखूड झालीय.

जपानमध्येही मर्यादा सरकारनेच घातलेली. केई गाडी 3.4 मीटरपेक्षा लांब नको, 1.48 पेक्षा रुंद नको, इंजिन 660 सीसीच्या वर नको. पण तिथल्या माणसांनी त्या चौकटीला पहिल्या दिवसापासून घर मानलं. बाजूला वाढता येत नाही ना, मग वर वाढा. दारं सरकती करा. सीट जमिनीत घडी घाला. आपल्याकडे चौकट म्हणजे कराचा दर. म्हणून आधी गाडी आणि मग करवत. अर्थात नंतर मुळापासून चार मीटरमध्ये विचार केलेल्या गाड्या आपल्याकडेही आल्या, त्यांना नावं ठेवणार नाही.

नॅनोबद्दल अजून वाईट वाटतं. 3.1 मीटरच्या आत चार मोठी माणसं नीट बसवली, इंजिन मागे, वायपर एक, चाकाला नट तीन. कौतुक करावं अशी काटकसर होती. पण तिची ओळख झाली स्वस्त म्हणून, आणि दारात स्वस्त गाडी उभी आहे असं शेजाऱ्याला दिसावं, एवढी हिंमत आपल्यापैकी किती जणांत आहे? माझ्यात नव्हती. मीही तेव्हा तीन लाख जास्त घालून दुसरी घेतली होती.

(मेट्रो निओचंही लिहायचं होतं. 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकसाठी 2,092 कोटी. रुळांऐवजी टायरवरची, वरून विजेची तार घेणारी, आपल्या गावाच्या मापाची मेट्रो. ऐकून मला फार आनंद झाला होता. असो.)

गिऱ्हाइकाला दीडशेऐवजी साठ मिलिमीटर कमी करून देते म्हणून कळवलंय. तो नाराज आहे. वायरमन खूश आहे, म्हणजे आज चहाला गेला नाही.

गुरुवार, सकाळी

संध्याकाळी आईकडे गेले होते काल. ओट्यावर मिसळणाचा डबा उघडा, शेजारी बटरनाइफ. "ही मेली वाटी निघतच नाही."

नवी वाटी बसली होती, पण अशी की बाकीच्या सहाही जागच्या हलेनात. माझ्या पर्समध्ये बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर असतो (हसू नका, असतो). मोजलं. जुन्या वाट्या 58 मिलिमीटर, नवी 62. डब्याचा आतला व्यास 178.

पाटावर बसून हिशोब केला. एका वाटीभोवती तेवढ्याच मापाच्या सहा वाट्या अगदी बरोबर बसतात, एक कमी नाही, एक जास्त नाही, आणि तेव्हा डबा लागतो वाटीच्या तिप्पट. अठ्ठावन्न त्रिक एकशे चौऱ्याहत्तर. म्हणजे ज्या कोणा तांबटाने आजीसाठी हा डबा घडवला त्याने मुद्दाम चार मिलिमीटर जास्त दिले होते. एवढी वर्षं ते चार मिलिमीटर मला दिसले नव्हते. आईच्या बोटाला मात्र माहीत होते. दोन वाट्यांच्या मध्ये तर्जनी घालून, न बघता, भाजी ढवळता ढवळता ती मोहरी उचलते.

"परत करू या का?" मी विचारलं.

"नको. जिरं बाहेर बरणीत ठेवीन." मग जरा थांबून, "त्या गाडीचं काय ठरवलंस?"

मी म्हटलं, फी भरतेय. तिने काही न बोलता नवी वाटी चमच्याने उचकटून काढली, धुतली आणि देवघरात तुपाच्या निरांजनाखाली ठेवली.