गाव कुठलं?

“आम्ही पुण्याचे,” लेकीनं सांगितलं आणि भाकरी थापता थापता आत्याचा हात थांबला.

शनिवार-रविवार बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला होतो. घाटावर बसून लेकीला मलप्रभा दाखवली. ही इथं जवळच कणकुंबीला उगम पावते, पुढं कृष्णेला मिळते, सगळं सांगितलं. गाव तिचंही आहे, एवढंच सांगायचं राहिलं.

आत्यानं पिठाच्या हातानंच तिला जवळ ओढलं. “पुण्यात राहतीस गं तू. गाव हेच की तुझं.” निळ्या फ्रॉकवर पाच बोटं उमटली, पांढरीशुभ्र.

१९५६ला राज्यांची रेघ पडली, तिच्यावरून अजून वाद चालू आहे. आमच्या घराचं गाव मात्र माझ्या नोकरीपायी सुटलं. हे मान्य करताना जड जातंय.

निघताना आत्यानं कुंद्याचा डबा दिला, पिशवीला दोन गाठी मारून.

तो फ्रॉक अजून धुवायला टाकलेला नाही. तुमची मुलं गाव कुठलं सांगतात हो?