छोटी पोकलेन, नोंद ६: तापलेला लग

छोटी डिझेल पोकलेन बॅटरीवर चालवायचा खटाटोप चालू आहे. इथे गोव्यात, डिचोलीत पाऊस थांबायचं नाव घेत नाही, त्यामुळे दोन आठवडे सगळं काम पत्र्याखालीच. (पोकलेन हे मुळात फ्रेंच कंपनीचं नाव, पण आमच्याकडे साखळ्यांवर चालून खणणारं ते सगळं पोकलेन आणि चाकांवरचं ते जेसीबी.)

डिझेल इंजिनाच्या जागी १० किलोवॅटची मोटर बसली. मागे १६ एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल, ५१.२ व्होल्ट, २८० अँपिअर-अवर, म्हणजे साधारण १४ युनिट. सेल भरले जेमतेम ८६ किलो. इंजिन याहून जड होतं आणि मागचा तोल तेच सांभाळत होतं, हे बकेट भरून उचलली तेव्हा कळलं. भंगारातली बिडाची प्लेट मागे बोल्ट केली.

पहिल्यांदा मोटर फिरवली तर हायड्रॉलिक तेलाचा पंप कण्हायला लागला. शेजारच्या काकांना बोलावलं. २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत ते मशीनवरच होते. त्यांनी कान लावला. "अरे, हा आजार जुनाच. इंजिनाच्या धडधडीत तुला ऐकू येत नव्हता." सक्शन होजची (पंपाकडे तेल ओढणाऱ्या नळीची) क्लिप सैल, पंप तेलाबरोबर हवा ओढत होता. आठ रुपयांचं काम.

खरा घोळ पुढे. पूर्वीच्या २३०० ऐवजी मोटर १८०० फेऱ्यांवर ठेवली, तेव्हा पंप मिनिटाला २५ लिटर देतो. बूम (खणायचा मोठा हात) टोकाला नेऊन दाबून धरला की रिलीफ, म्हणजे जास्तीचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह, १८० बारला उघडतो. बार गुणिले लिटर भागिले ६००: साडेसात किलोवॅट. पंप, मोटर, कंट्रोलर यांचा तोटा धरला की बॅटरीतून १० किलोवॅट, म्हणजे जवळपास २०० अँपिअर. दुसऱ्याच मिनिटाला रबर जळल्याचा वास! मायनसचा लग (केबलच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक) मी हातोड्याने ठोकून बसवला होता. तिथे एक मिलिओहम अवरोध जरी राहिला, तरी २०० अँपिअरला ४० वॅट उष्णता त्या एका लगात. आळस केला, दुसरं काय. आता हायड्रॉलिक क्रिम्पर आणून सगळे लग नव्याने दाबले. दहा मिनिटं ताण देऊन हात लावला, कोमट.

शेडबाहेरच्या मातीत तासभर खणलं, चार युनिट गेले. लिव्हर सोडल्यावर मोटर थांबते, त्याचा फायदा मोठा. पण पायलटचा (लिव्हरकडून मुख्य व्हॉल्व्ह हलवणाऱ्या तेलाचा) दाबही तिच्यासोबत पडतो आणि पुन्हा लिव्हर ओढल्यावर बूम क्षणभर विचार करतो. चवथीपर्यंत पायलटला छोटा अॅक्युम्युलेटर (दाबाखाली तेल साठवणारी टाकी) लावून पाहतो. कोणी लावलाय का, किती लिटरचा?