ताईंचा रात्रीचा फोन

मिरजेत आमच्या एचआयव्ही प्रकल्पातल्या समुपदेशक आणि लिंक वर्कर, म्हणजे गावोगावी संपर्क ठेवणाऱ्या, ताईंची महिन्याची बैठक होती. औषधं कुणाची सुटली, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूची मोजणी, कुणाची बाकी, अशी उजळणी चाललेली. तासगावकडच्या एक ताई चहालाही उठल्या नाहीत. जवळ जाऊन बसले, तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मॅडम, घरी विचारतात, रात्री अकराला कुणाचा फोन येतो?"

फोन एका मुलाचा होता. जन्मापासून एचआयव्हीसह जगणारा, आई-बाप गेलेले, आजीनं वाढवलेला. देशात मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणारी उपचारपद्धती, 2004 साली सुरू झाली. तिच्या आधारानं जगलेली ही मुलं आता कमावती झालीत, पण त्यांचे प्रश्न गोळीपुरते राहिलेले नाहीत. हा बेदाण्याच्या कामावर, चौघांत एका खोलीत राहतो. रात्रीची गोळी कुणाला दिसू नये म्हणून चुकवू लागला आणि व्हायरल लोड हजाराच्या वर गेला. "लग्न करता येईल का?" याचं उत्तर ताईंकडे होतं: औषधं नीट घेऊन विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. "आईला माहीत होतं का?" याचं नव्हतं.

आणि हे सगळं नवऱ्याला सांगायचं नाही. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानं गोपनीयता बांधून दिलीय, ती हवीच. पण गुपित सांभाळणारीनं मन कुठं मोकळं करायचं, याची सोय आपण केली नाही, तर अशी माणसं आतून खचतात. मला हे फार लागतं.

बैठकीचे उरलेले विषय बाजूला ठेवले. नाव, गाव काही न सांगता ताई बोलल्या, रडल्या. जतच्या ताईंनी विचारलं, "गोळी रात्रीच कशाला? सकाळी कामावर निघताना घेऊ दे की." डोल्युटेग्राविर या एचआयव्हीच्या औषधाची ही गोळी दिवसा घेतली तरी चालते, वेळ रोजची एकच हवी. एवढी साधी वाट, पण एकटीला सुचत नाही. डॉक्टरांना विचारून वेळ बदलली.

रात्रीचे फोन आता प्रकल्पाच्या मोबाईलवर येतात आणि दोघी आळीपाळीनं घेतात. मुलाला विचारूनच हे ठरवलं. दर बैठकीचा पहिला अर्धा तास ताईंच्या बोलण्यासाठी राखलाय, आकडे त्यानंतर. मुलाची पुढची तपासणी तीन महिन्यांच्या समुपदेशनानंतर होईल. आईविषयी तो अजून विचारतो. त्यावर काय बोलावं, हे ताई आम्हा सगळ्यांना विचारतात.