आमची वाटचाल : पलंगाला लागून रॅम्प

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात सुरुवातीची अनेक वर्षे किचन ट्रॉल्या आणि वॉर्डरोब एवढीच कामे होत असत. घोडबंदर रस्त्यावरील एका जुन्या ग्राहकांनी आपल्या म्हाताऱ्या लॅब्राडॉरसाठी पलंगाला रॅम्प मागितला, तेव्हा आमच्या मिस्त्रींना ते हौसेचे काम वाटले; पण त्यांच्याच ओळखीतून तशी आणखी कामे येऊ लागली आणि हळूहळू आम्हालाही त्यातली गरज कळली. लॅब्राडॉरला अनेकदा हिप डिस्प्लेशिया (खुब्याच्या सांध्याचा दोष) किंवा संधिवात असतो, लांब पाठीच्या डॅशहुंडला मणक्यातील चकती सरकण्याचा धोका असतो, आणि दोघांनाही पलंगावरून उडी मारणे सोसत नाही. पायऱ्या करून द्या, असे पुष्कळ जण सुचवतात. परंतु पाठीचे दुखणे असल्यास पशुवैद्यांना विचारल्याशिवाय आम्ही पायऱ्यांचे काम घेत नाही.

या कामात खरी कसोटी उताराची असते. गादीसह २० इंच उंचीच्या पलंगाला ५ फुटांची फळी लावली, तर उतार जेमतेम २० अंशांच्या आत राहतो. दुबळ्या मागच्या पायांना तोही जड जातो, म्हणून फळी ७ फुटांची करून आम्ही तो १४ अंशांवर आणतो. आता १० बाय १० च्या बेडरूममध्ये ७ फुटांची फळी आडवी टाकली, तर माणसांनी चालायचे कुठून? त्यामुळे आम्ही रॅम्प पलंगाच्या बाजूला समांतर नेतो, वरच्या टोकाला कुत्र्याला वळता येईल असा चौथरा देतो आणि मोकळ्या बाजूला ४ इंचांची पट्टी ठोकतो. पलंगाच्या त्या बाजूला स्टोरेजचे ड्रॉवर असतील, तर रॅम्पला चाके लावावी लागतात, आणि मग ब्रेक असलेलीच चाके घ्यावी लागतात.

सांगाड्याला १८ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय वापरतो. वरून सनमायका मागणारे भेटतात, परंतु त्यावर नखे घसरतात. म्हणून आम्ही व्हेल्क्रोने बसणारे कार्पेट लावतो, जे पावसाळ्यात ओल्या पायांनी खराब झाले तर काढून धुता येते. खाली गुळगुळीत टाइल्स असल्याने रॅम्पच्या पायांना रबरी बूट लागतातच. रॅम्प पोहोचवताना आम्ही सांगतो, की आधी फळी जमिनीवर सपाट ठेवून, खाऊ देत, कुत्र्याला तिच्यावरून चालवावे आणि मगच ती पलंगाला लावावी.

हल्ली नव्या पलंगाची ऑर्डर घेतानाच आम्ही घरात कुत्रा आहे का, हे विचारतो. कारण पलंग १६ इंचांचा केला, तर त्याच उताराचा रॅम्प वीतभराहून अधिक आखूड होतो.