हगवण लागलेलं वासरू: आधी डोळे बघा

वासराला हगवण लागली की सगळ्यांचं लक्ष शेणाकडे जातं. मी आधी डोळे बघते. पापणी आणि डोळ्याचा गोळा यांच्यात फट दिसली, डोळा खोबणीत गेलेला वाटला, तर अंगातलं पाणी बरंच गेलंय असं समजायचं. मग मानेवरची कातडी चिमटीत धरून थोडी पिळायची आणि सोडायची. धडधाकट वासराची लगेच सपाट होते. दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ घडी तशीच राहिली तर थांबू नका. शेवटी तोंडात बोट घालते. हिरड्या ओल्या आणि उबदार हव्यात, आणि वासराने बोट जोरात चोखायला हवं.

पाणी किती जातं याचा अंदाज आपल्याला नसतो. 40 किलोच्या वासराचं वजनाच्या 8 टक्के पाणी गेलं, म्हणजे तीन लिटरहून जास्त! ते नुसत्या पाण्याने भरून येत नाही, कारण सोबत क्षारही गेलेले असतात. वासरांसाठीची इलेक्ट्रोलाइट पावडर पाकिटावरच्या मापाने कोमट पाण्यात कालवून द्या, साधारण दोन लिटर, दिवसातून दोन-तीनदा. दूध मात्र तोडू नका. ‘दुधाने हगवण वाढते’ हे ऐकून वासरं उपाशी ठेवतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. ताकद येणार कुठून? दूध आणि इलेक्ट्रोलाइट यांत काही तासांचं अंतर ठेवा, एवढंच.

चोखतच नसेल तर बाटलीने बळजबरी करू नका, फुफ्फुसात जातं. आडवं पडलेल्या, कान-पाय गार झालेल्या वासराला शिरेतून सलाईनच लागतं. डॉक्टरांना त्याच क्षणी बोलवा.